बाबांना पाठीवर घेऊन जंगलातून, शनिवार ते मंगळवार

शनिवार

ही वाट बाबांच्या पायाखालची होती, तरुणपणी ते याच खिंडीतून पलीकडच्या रस्त्याला उतरायचे, मला मात्र कधी आणलं नव्हतं. प्लॅन साधा होता, एक मुक्काम जंगलात आणि रविवारी दुपारपर्यंत पलीकडे डांबरी रस्ता. आईला एक दिवस जास्तीचा धरून सांगून ठेवलेलं की सोमवारी रात्रीपर्यंत फोन आला नाही तर वनखात्याला कळव. हे बाबांचंच म्हणणं होतं, कुठे जातोय, कुठून उतरणार आणि किती वाजेपर्यंत वाट बघायची हे घरच्या एका माणसाकडे लिहून असलंच पाहिजे.

खिंड ओलांडून उतरायला लागलो. तीनच्या सुमारास ओढ्याच्या वळणावर अस्वलाची मादी होती, सोबत पिल्लू. पाण्याचा आवाज मोठा, वारा आमच्या तोंडावर येणारा, त्यामुळे तिला आमची चाहूल लागली नाही आणि आम्हाला तिची. बाबा पुढे होते. पळण्यात अर्थ नसतो कारण अस्वल माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतं, आणि तसाही विचार करायला वेळच नव्हता, ती आली, बाबा पडले, तिने पोटरी फाडली आणि त्या झटापटीत बाबा काठावरून खाली दगडांत घसरले. मी काठी भांड्यावर आपटत जिवाच्या आकांताने ओरडत होतो. पिल्लू झाडीत शिरलं तशी तीही गेली. सगळं मिळून अर्धा मिनिट असेल. पिल्लावरून अंगावर येणारी मादी बहुतेक वेळा खायला येत नाही, आपल्याला लांब हाकलायला येते, हे माहीत होतं पण त्या क्षणी त्याचा काही उपयोग नव्हता.

उजव्या पोटरीला ओरखडे म्हणता येणार नाहीत, चर पडले होते. रक्त गडद आणि संथ वाहत होतं, कारंज्यासारखं उडत नव्हतं, म्हणजे मोठी धमनी तुटलेली नसावी एवढा अंदाज आला. स्वच्छ पंचा घडी करून जखमेत दाबला आणि दोन्ही तळहातांनी अंगाचा भार टाकून घड्याळ लावून १० मिनिटं धरून ठेवला. मध्ये उचलून बघायचं नाही, बघितलं की धरलेली गुठळी सुटते आणि परत पहिल्यापासून. ती १० मिनिटं फार मोठी असतात. बॅगेचा रुंद पट्टा आणि एक जाड काडी बाजूला तयार ठेवली होती, रक्त थांबलंच नाही तर जखमेच्या वर ५ ते ७ सेंटीमीटरवर आवळायला (सांध्यावर नाही) आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवायला. गरज पडली नाही. त्या वेळात बाबा काय बोलले असतील तर, "तुला लागलं नाही ना?" एवढंच, तेही दोनदा.

रक्त थांबत आल्यावर साबण आणि भरपूर पाणी. जनावराने केलेली जखम १५ मिनिटं साबणाने धुवायची असते, रेबीजसाठी, दवाखाना लांब असेल तर त्याहून जास्त मनावर घेऊन. बाबांनी दात आवळून धुऊ दिली. मग नवीन घडी, वर पट्टी. घोटा एव्हाना सुजून दुप्पट झाला होता आणि पाऊल किंचित वाकडं, तर झोपायच्या फोमच्या मॅटचा तुकडा तळव्याखालून यू आकारात गुडघ्याच्या खालपर्यंत आणून बांधला. गुडघा मोकळा ठेवला, याचा फायदा पुढे कळला. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिली. बॅगेत ॲस्पिरिनही होती पण ती रक्त पातळ करते म्हणून हात लावला नाही.

आता इथेच थांबायचं का निघायचं. नियम मला माहीत आहे, जखमी माणसाला शक्यतो हलवू नये, एका जागी थांबावं, लोक शोधायला येतात. पण लोक सोमवारी रात्रीनंतर निघणार म्हणजे मंगळवारच. आम्ही अस्वलाच्या पाणवठ्यावर बसलेलो, अंधार पडायला तीन तास, रेंज नाही, ढग भरून आलेले. मी एकटा धावत रस्त्यापर्यंत गेलो तर बाबा रात्रभर इथे एकटे, रक्ताच्या वासात. मागे खिंडीकडे उभा चढ, पुढे रस्त्यापर्यंत साधारण ६ किलोमीटर उतार आणि मध्ये एक टेकाड, जिथे रेंज यायची शक्यता. पुढे जायचं ठरवलं. बाबा म्हणाले तू एकटा जा. मी म्हटलं नाही. यावर आमचं चांगलं वाजलं, शेवटी त्यांना ग्लानी आली म्हणून विषय थांबला.

त्या संध्याकाळी फक्त ओढ्यापासून दूर, वरच्या सपाट जागेपर्यंत नेलं. आग पेटवली. बाबांचे ओले कपडे काढून माझे कोरडे घातले, अंगाखाली उरलेली मॅट आणि त्याखाली कोरडा पाला वीतभर जाड. गार पडलेल्या माणसाचं रक्त नीट गोठत नाही, त्यामुळे रक्त गेलेल्या माणसाला ऊब देणं हेही रक्त थांबवण्याचंच काम आहे. वरून पांघरूण घालतात सगळे पण ऊब खालून जास्त जाते, जमीन शोषून घेते. रक्ताळलेला पंचा, कपडे आणि खाण्याची पिशवी शंभर मीटर लांब झाडाला उंच टांगली. तासातासाला बाबांच्या बांधलेल्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबून बघायचो, सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे, नाहीतर पट्टी घट्ट आहे. एकदा सैल करावी लागली.

रविवार

उजाडल्यावर बॅगा रिकाम्या केल्या. पाणी, उकळायचं भांडं, औषधं, प्लॅस्टिक शीट, मॅट, बिस्किटं, मीठ-साखर, दोरी, फोन. बाकी सगळं एका बॅगेत भरून झाडाला बांधून तिथेच सोडलं.

बाबा ६० किलोच्या आसपास. आधी नुसतं पाठंगुळीला घेऊन बघितलं, वीस पावलांत माझ्या हातांतलं बळ गेलं, कारण मांड्या धरून ठेवायचं काम हात करतात आणि हात लवकर थकतात. मग दोरी. लांब दोरीचं मोठं वेटोळं करायचं, एका जागी बांधायचं आणि त्याचे दोन भाग पाडायचे, म्हणजे दोन मोठे फास तयार होतात. त्यांचे पाय त्यातून, माझे हात त्यातूनच, सॅक घातल्यासारखं. भार खांद्यांवर येतो आणि हात मोकळे राहतात, काठी धरता येते. दोरी मांडीत रुतते म्हणून खाली जॅकेटच्या घड्या. गुडघा मोकळा असल्यामुळे पाय वाकून माझ्या कमरेशी बसत होता, पूर्ण पाय बांधला असता तर हे जमलंच नसतं.

उठायचं कसं ते बाबांनीच शोधून काढलं. ते उताराच्या वरच्या अंगाला बसायचे, मी त्यांच्या पुढ्यात पाठ करून, दोरीत हात घालून एका कुशीवर होत चार पायांवर यायचं, मग एक गुडघा, मग काठी. उठणं जमत होतं. खरा जीव जायचा तो त्यांना खाली ठेवताना. मी दमलेलो, गुडघे थरथरतायत, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यात हळू आणि सगळ्यात नेमकं काम करायचं, कारण शेवटच्या वीतभर अंतरात जरा जरी आदळलं तरी घोट्यातून कळ थेट डोक्यात जायची आणि पट्टीवर लाल डाग मोठा व्हायचा. दोनतीनदा तसं झाल्यावर बाबा म्हणाले जमिनीवर ठेवूच नकोस, कमरेएवढा दगड बघ, नाहीतर आडवा पडलेला ओंडका. आणि तिथून आमचा सगळा रस्ताच बदलला. सोपी वाट कुठली हे बघणं बंद झालं, पुढचं टेकायचं ठिकाण कुठे हे बघायचं आणि तिथपर्यंतच जायचं. कधी त्यासाठी वाट सोडून वर चढावं लागलं तरी चढलो. शंभर-सव्वाशे पावलं, मग दगड. ज्या कुणावर अशी वेळ येईल त्याने हे एवढं लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं, माणूस उचलण्याआधी तो कुठे ठेवणार ते ठरवा.

टेकवलं की लगेच त्यांचा पाय उंच करून दगडावर ठेवायचो, लटकून सूज वाढायची ना. पाच मिनिटं, नख दाबून बघणं, दोन घोट पाणी. लिटरभर उकळलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे लहान, सपाट. रक्त गेलेल्या माणसाला तहान खूप लागते पण एकदम दिलं तर उलटी होते, म्हणून घोट घोट.

पाठीवर माणूस असताना मान वर होत नाही. मला फक्त माझे बूट आणि दोन हात जमीन दिसत होती. पुढचं सगळं बाबांना दिसायचं, माझ्या उजव्या खांद्यावरून. डावीकडे घे, फांदी आहे, वाक. निसरडा दगड, काठी आधी. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसलेल्या गोष्टीतले आम्ही दोघं झालो होतो. ढोरवाटा फुटायच्या तिथे ते मला थांबवून बराच वेळ बघायचे. ओढ्याकाठाने खाली गेलं की माणसं भेटतात असं सगळे म्हणतात पण ओढा कड्यावरून उडी मारू शकतो, आपण नाही, म्हणून आम्ही ओढ्याचा आवाज कानात ठेवून सोंडेच्या, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेच्या, अंगाने उतरत होतो. फोन एअरप्लेन मोडवर, दर थांब्याला नाही, फक्त शंका आली तर जीपीएस बघायचं, जीपीएसला रेंज लागत नाही.

दुपारी बाबांना लघवीला जायचं होतं आणि ते सांगत नव्हते. मला त्यांच्या बसण्यावरून कळलं. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला पाण्याचा पेला उचलू दिला नाही त्याला पोराने धरून उभं करायचं, हे त्यांना अस्वलापेक्षा जड गेलं. मी मान फिरवून त्यांना मागून काखेत धरलं, एका पायावर उभं केलं. दोघंही काही बोललो नाही. रंग गडद होता ते मात्र मी बघितलं, पाणी कमी पडतंय, पुढच्या प्रत्येक थांब्याला दोनाचे चार घोट केले. त्यानंतर बाबा स्वतःहून सांगायला लागले, दुखतंय, थंडी वाजतेय, पट्टी ओली लागतेय. मला वाटतं त्या दुपारनंतर आमचं काम सोपं झालं, कारण लपवलेलं दुखणं पाठीवर घेऊन चालता येत नाही.

सपाट गवत लागलं तिथे दोन लांब काठ्यांना प्लॅस्टिक शीट आणि जॅकेट बांधून घसरगाडी केली, मागची टोकं जमिनीवर ओढत. पाठीला आराम मिळाला. पण झाडी लागली की काठ्या अडकतात आणि प्रत्येक मुळावर दणका, सोडून दिली. परत दोरी.

संध्याकाळी पाऊस. शीटखाली दोघं चिकटून बसलो. रात्री काहीतरी मोठं जनावर आमच्या भोवती फिरत होतं, फांद्या मोडायच्या, थांबायचं, परत. आग विझत आलेली, लाकूड ओलं. बाबा मोठ्याने बोलायला लागले, अगदी साध्या आवाजात, माझ्या जन्माच्या वेळचं वगैरे, मी पण बोलत राहिलो, माणसाचा आवाज ऐकला की बहुतेक जनावरं बाजूने जातात. कितीतरी वेळाने आवाज दूर गेला. तेव्हाही ते बोलायचे थांबले नाहीत. त्यांच्या वडिलांबद्दल त्यांनी मला जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही.

सोमवार

ताप. कपाळाला हात लावल्यावर कळलंच. पट्टी सोडली तर जखमेच्या कडा लाल, गरम, आणि वास बदललेला. पेनाने लालीच्या कडेने रेघ ओढली आणि बाजूला वेळ लिहिली, सहा चाळीस. दुपारी बघितलं तर लाली रेघेच्या बाहेर बोटभर. हे बघून माझ्या पोटात जो गोळा आला तसा अस्वल बघूनही आला नव्हता. परत धुतलं, उकळून गार केलेल्या पाण्याने. पॅरासिटामॉल सहा तासांनी, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही हे डोक्यात ठेवून प्रत्येक गोळीची वेळ हातावर लिहित होतो.

ओढा पावसाने फुगला होता, तो आडवा आला. एक तास काठाकाठाने वर गेलो आणि जिथे पात्र रुंद होऊन पाणी पसरलं तिथे जागा मिळाली, रुंद म्हणजे उथळ. आधी एकटा जाऊन आलो, गुडघ्याच्या खाली. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असतं तर थांबलो असतो, काहीही झालं तरी. ओलांडताना बाबांना दोरीत ठेवलं नाही. दोघं एकमेकांना बांधलेले असताना पडलो तर दोघंही जातो. साधं पाठंगुळीला घेतलं, तोंड पाणी येतं त्या वरच्या बाजूला, काठी पुढे तिसऱ्या पायासारखी, एका वेळी एकच पाय हलवायचा. मध्यावर पाय सरकला आणि सावरला. बाबांची हनुवटी माझ्या खांद्यात रुतली होती आणि ते कानात फक्त "हां, हां, हां" म्हणत होते, प्रत्येक पावलाला एक.

पलीकडे टेकाडाचा चढ. तो चढ मला नीट आठवत नाही. पावलं बाबा मोजत होते, मध्येच आकडे चुकायला लागले, चाळीसनंतर बावीस, मग मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारली. ताप डोक्यात गेला होता. तेव्हापासून पुढचं बघणारं कुणी राहिलं नाही, मी दहा पावलं टाकून थांबायचो, मान वर करून बघायचो, परत दहा. आदल्या दिवशी ते किती काम करत होते ते तेव्हा कळलं.

वर पोचलो तेव्हा चार वाजले असतील. फोन चालू केला, नऊ टक्के. माझ्या सिमला कॉलपुरती रेंज नव्हती पण ११२ लावला, इमर्जन्सी कॉल दुसऱ्या कुठल्याही नेटवर्कवरून जाऊ शकतो. लागला, दोन वाक्यं, तुटला. मग आईला एसएमएस टाइप केला, कॉलला पुरत नाही तेवढ्या रेंजमध्येही मेसेज जातो. त्यात आधी जीपीएसचे आकडे, मग बाबा जखमी, अस्वल, पाय मोडला, ताप, टेकाडावर थांबलोय, हलणार नाही. तीनदा फेल, हात उंच करून उभा राहिलो, गेला. लगेच फोन बंद.

आता थांबायचं. आपण कुठे आहोत ते कुणाला तरी कळलंय म्हणजे हलायचं नाही. उघड्या जागी दगडांनी मोठा एक्स मांडला, जमिनीवरून विमानाला दाखवायच्या खुणांमध्ये त्याचा अर्थ वैद्यकीय मदत हवी. शिट्टी बाबांच्या गळ्यात होती. एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, परत सहा. आल्प्समध्ये १८९४ साली ठरलेली पद्धत आहे, उत्तर द्यायचं असेल तर मिनिटाला तीन. ती गप्प बसायची मिनिटं महत्त्वाची, तेव्हाच ऐकू येतं. अंधार पडेपर्यंत वाजवत होतो. बाबांना घोट घोट पाणी, पाय उंच, अंगाखाली पाला. त्यांनी मध्ये एकदा डोळे उघडून विचारलं, आईला कळवलंस का. हो म्हटलं. मग झोपले, आणि मी त्यांच्या छातीवर हात ठेवून रात्रभर श्वास मोजले कारण झोप लागली तर काय याची भीती.

मंगळवार

पहाटे साडेपाचला खालून तीन शिट्ट्या.

वनखात्याचे दोघं आणि खालच्या वस्तीतली सहा माणसं, रात्री अडीचला निघालेली. त्यांनी एक शब्द वाया घालवला नाही. दोन बांबू, एक घोंगडी, डोळ्यांदेखत डोली तयार. त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने आधी पायाचा सगळा बांध बघितला, बोट घालून सैल आहे का पाहिलं आणि मग मला म्हणाला, "आता तू हात लावू नको, तू नुसता चाल." चौघं धरणार, दोघं पुढे वाट तोडणार, दर थोड्या वेळाने अदलाबदल. ते सगळे एकाच वेळी उचलायचे आणि एकाच वेळी टेकवायचे, तोंडाने खूण करून, आणि टेकवताना बाबांच्या तोंडून हूं की चूं नाही. ते बघून मला रडू आलं. इतके वेळा मी त्यांना दगडावर ठेवलं पण असं एकदाही जमलं नव्हतं.

उतरताना मी बाबांच्या डोक्याशी चालत होतो. पाठ मोकळी होती तरी मी वाकूनच चालत होतो, वनरक्षकाने दोनदा सांगितलं सरळ हो. दोन तासांनी रस्ता, ॲम्ब्युलन्स उभी होती, आणि आई.

हॉस्पिटलमध्ये जखम भूल देऊन धुतली, मेलेलं मांस काढलं आणि लगेच टाके घातले नाहीत, जनावराची दूषित जखम अशी बंद केली तर आत पू साठतो, काही दिवस उघडी ठेवून मगच शिवली. धनुर्वाताचं इंजेक्शन, रेबीजचं सीरम थेट जखमेच्या आत आणि भोवती, लसीचे डोस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. घोट्यात प्लेट आणि स्क्रू. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी लाली माझ्या पेनच्या रेघेच्या आत आली, नर्सबाईंनी ती रेघ पुसू दिली नाही, रोज तिच्याशीच ताडून बघायच्या.

बाबा आता घरी आहेत. कुबड्या घेऊन खोलीतल्या खोलीत चालतात, उजव्या पायावर अजून भार द्यायचा नाही. बाथरूमला जाताना हाक मारतात. चौदाव्या दिवसाचा डोस झाला, अठ्ठाविसाव्या दिवसाचा बाकी आहे आणि त्याच दिवशी घोट्याचा एक्स-रे काढून भार कधीपासून द्यायचा ते डॉक्टर सांगणार आहेत.